अर्थिंग

सत्तेचाळिसाव्या मिनिटाला बंद पडायचा.
एरवी नाही. वामनमामा आले की हटकून.

टीव्हीखालचा काळा डबा,
मी सुटे भाग आणून स्वतः जोडलेला,
त्यात माझे सगळे दशावतार,
जत्रेत खांद्यावर कॅमेरा घेऊन घेतलेले,
बुरशी पुसून पुसून कॅसेटींवरून उतरवलेले.
त्यातल्या एका रात्री वामनमामा
हिरव्या लुगड्यात, वय एकतीस, राणी.
बोट वर करून पेटीवाल्याला थांबवतात,
राजाकडे वळतात,
आणि चित्र गोठतं.
आवाज तेवढा एकच अक्षर दळत बसतो
ना ना ना ना ना

खुर्चीतले वामनमामा, वय अडुसष्ट,
घशाच्या ऑपरेशननंतर कुजबुजीवर आलेले,
उरलेलं अक्षर स्वतः पुरं करतात.
नाथा.
मग चप्पल शोधतात.

मी रॅम काढली. खाऱ्या हवेनं तिचे दात काळे.
लेकीच्या कंपासमधल्या खोडरबरनं घासले.
पंख्यात पालीच्या अंड्याचं टरफल मिळालं.
प्रोसेसरवरची पेस्ट भाकरीच्या पापुद्र्यासारखी सुटून आली.
कुडाळहून नवा पॉवर सप्लाय, साडेतीन हजार.
(मंजिरी काही बोलली नाही. जुना मिक्सर
उगाच दोनदा फिरवला.)
नवी डिस्क घातली. मेमरीची चाचणी रात्रभर लावून
शेजारी चटई टाकून झोपलो.
पहाटे चारला पडद्यावर: चुका शून्य.
म्हणजे मशीन निर्दोष,
आणि गुरुवारी पुन्हा
ना ना ना ना

एकच गोष्ट कुणाला सांगितली नव्हती.
डब्याला हात लावला की मुंग्या यायच्या,
अनवाणी असलो तर कोपरापर्यंत.

पास्कोल वायरमन आला, वेंगुर्ल्यातला बहुधा शेवटचा
जो अजून होल्डरला दोन वायरी जोडून बल्ब घेऊन हिंडतो.
एक टोक फेजला, एक अर्थला.
बल्ब विडीच्या टोकाएवढा पेटला.
"तुझ्या घराक जमीनच नाय रे," म्हणाला.

धुण्याच्या दगडामागे खणलं.
पाइपाचा नट बोटांत बिस्किटासारखा मोडला.
जांभा मे महिन्याचा, कोरडा ठणठणीत.
तेव्हा कुठे हिशेब लागला:
मामा आठला येणार, चहा, पान,
सव्वाआठला नाटक,
आणि नवाच्या ठोक्याला बंदरावरच्या बर्फ कारखान्याची
दुसरी मोटर सुरू.
सबंध आळीची वीज दचकते,
आमच्याकडे तिला टेकायला जागा नाही.

पहारीनं दीड दिवस. तांब्याची पट्टी,
कोळसा, आणि कैऱ्या खारवायला आणलेलं
पाच किलो खडेमीठ.
आता रोज तिन्हीसांजेला खड्ड्यात बादलीभर पाणी.
मंजिरी म्हणते, माझ्या अबोलीला
कधी तांब्याभर घातलं नाहीस.

गुरुवार. सव्वाआठ.
नऊला लांबून मोटरीची घरघर आली. मी श्वास धरला.
मामांनी ओठ तयार ठेवले होते.
बोट वर गेलं, राणी वळली,
नाथा,
आणि बोट खाली आलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा अठ्ठेचाळिसावं मिनिट.

राणी गप्प.
पेटीवाला तोच सूर धरून बसला.
राणी पदराचं टोक पिळते. शब्द नाही.
मग राजा, म्हणजे गुणाजी, देवाघरी गेलेला,
एक पाऊल पुढे येतो आणि
स्वतःचं नसलेलं भाषण तिच्या वतीनं रचत जातो,
इतकं सहज, की मंडपात कुणाला काही कळलं नाही.
कॅमेऱ्यामागच्या मलाही नाही.

मामा आयुष्यभर सांगत आले होते,
रंगमंचावर माझो शब्द कधी आटलो नाय.

पंखा न कुरकुरता फिरत होता.
मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही.
"हय बंद पडत होतो," कुजबुजले, "ताच बरा होता."

मी उठलो. बटणावर बोट ठेवलं.
डब्याला हात लागला, मुंग्या नव्हत्या.

"थांब," ते म्हणाले.
"गुणाजी बोललो ता
परत लाय बघूया."