आठ फुटांवरून

दारूखान्यातल्या भंगारवाल्यानं
जहाजाच्या गोल खिडकीची जाड काच
वर्तमानपत्रात गुंडाळून दिली, तेव्हा विचारलं होतं,
"मॅडम, याचं करणार काय?"
मी म्हटलं, टेबलावर ठेवायला.
खरं सांगायला जीभ रेटली नाही.

दुर्बिणीचा आरसा घासायचा होता मला.
सहा इंची. हातानं.
ठाकूरद्वारच्या केळुस्करांच्या दुकानात
एकवीस वर्षं लोकांच्या डोळ्यांसाठी काचा कापल्या,
एक काच स्वतःसाठी, एवढंच.

पिंपाभोवती फिरत फिरत घासली.
कुरुंदाची पूड, पाणी, एक फेरी, एक वळसा.
खालच्या मजल्यावरचे सामंत विचारायचे,
रात्री वाटण कसलं वाटता एवढं?
मग राळ, मग ती लाल पावडर,
नखांतून आठवडाभर न निघणारी.
दोन वर्षांनी काच अशी झाली
की ट्यूबलाइट तिच्यात उलटी लटकली.

आता राहिली होती फक्त परीक्षा.
आरसा उभा करायचा, आठ फुटांवर बारीक दिवा,
दिव्याशेजारी दाढीचं पातं,
आणि पात्याच्या कडेवरून एका डोळ्यानं बघायचं.
उंचवटा असेल तर उंचवटा, खड्डा तर खड्डा,
सावलीत सगळं दिसतं. काही लपत नाही.

मी आरसा टॉवेलात गुंडाळला
आणि गोधड्यांखाली ठेवून दिला.
सात वर्षं.

कारणं होती. धुतलेली, इस्त्री केलेली.
आईचं आजारपण. गॅलरीची डागडुजी.
आणि गिरगावच्या आकाशात चांदण्या असतात किती,
मोजून अकरा, त्यांतली दोन विमानं.
खरं कारण एकच:
तपासला नाही तोवर तो
जगातला सगळ्यात निर्दोष आरसा होता.

मग परवा खोताच्या वाडीतून सेराफिनबाई आल्या.
ऑपरेशन झालेला डोळा, नवा नंबर.
खुर्चीत ताठ बसून त्यांनी तक्ता वाचला,
वरपासून खालपर्यंत, न अडखळता,
चर्चमध्ये प्रार्थना म्हणावी तसा.
फक्त एक झालं होतं.
तक्ता मी सकाळीच बदलला होता.

"बाई, हा 'ग' कुठे दिसला तुम्हाला?"
त्या गप्प. पर्सची चेन उघडत, मिटत.
मग म्हणाल्या, "गेल्या वेळेला बाहेर बसून पाठ केला.
नापास झाले तर, म्हणून."
"अहो, नंबर चुकला तर धूसर तुम्हालाच दिसणार ना!
इथे नापास कोण करतंय तुम्हाला,"
मी बोलत गेले, आणि बोलता बोलता
माझीच जीभ चावली मला.

त्या रात्री गोधड्या उपसल्या.
टॉवेलला डांबरगोळ्यांचा वास.
खोली दहा फुटांची. दिवा, पातं, आरसा.
हात इतका थरथरत होता
की पातं पाटावर टेकवून सरकवावं लागलं.
बघितलं.

चुकला होता.
पालथ्या बशीसारखा कडेनं उतरलेला,
मध्ये एक टेकाड.
मी बसून राहिले, काहीतरी कोसळायची वाट बघत.
खाली कुणीतरी मोटारसायकलला किक मारत होतं,
एक, दोन, पाच. सातव्या किकला लागली.
बाकी काहीच झालं नाही.

वहीत लिहिलं: कड, पाव इंच. मध्ये, रुपयाएवढं.
सात वर्षांत पहिल्यांदा मला माहीत होतं
नेमकं कुठे घासायचं.

पिंपात आता मधुमालती लावलेली आहे,
ती बादलीत हलवली. मुळं थोडी तुटली.
सकाळी जिन्यात सामंत भेटले, त्यांना सांगून टाकलं,
रात्रीचं वाटण पुन्हा सुरू होतंय.
"पण करता काय हो एवढं?"

"दुर्बीण," म्हटलं.
शब्द जिन्यात जरा मोठाच घुमला.