वरीलप्रमाणे

दुक्म बंदर, गेट तीन, पत्र्याची केबिन.
इथं एक पान उघडायला एकेचाळीस सेकंद लागायचे.
मी घड्याळ लावून मोजले होते.
मस्कतहून साडेपाचशे किलोमीटर
तेवढ्यासाठीच पाठवलं होतं मला,
"लाइन वाढवून मिळणार नाही, आहे त्यात बघ" असं सांगून.

एकेचाळीस सेकंदांत खमीस अल-जुनैबी
बोटभर पेल्यात कहवा ओतायचा.
ड्रायव्हर खिडकीला कोपर टेकून
बायकोच्या ऑपरेशनचं सांगायचा, नाहीतर
हैमाच्या रस्त्यावर आडव्या आलेल्या उंटाचं.
वखारीतला मोतालेब
पावतीची सुरळी करून मांडीवर ठेका धरायचा.
पडद्यावर निळं चक्र. फिरतंय, फिरतंय.

रात्री मी वायरीतून काय जातं ते उघडून पाहिलं.
सगळं तेच ते.
कंटेनर क्रमांक, कंटेनर क्रमांक, कंटेनर क्रमांक,
ग्राहकाचं नाव तीनशे वेळा, अख्खं,
पत्ता तीनशे वेळा, पोस्ट बॉक्ससकट,
आणि मध्ये मोकळ्या जागा, नुसत्या मोकळ्या जागा.
त्यांचंही भाडं भरत होतो आम्ही
उपग्रहाला.

इचलकरंजीत माझा बाप कापडाच्या गाठी बांधायचा.
ठाणांवर ठाण रचून प्रेसचं चाक फिरवायचा,
हवा निघताना कापड केवढा मोठा सुस्कारा टाकायचं.
मग पट्ट्या. मग शिक्का.
"कापड कमी होत नाही रे," म्हणायचा,
"मधली हवा तेवढी काढायची.
जिथं गाठ सुटंल तिथं मोजून घ्या म्हणावं,
वार न् वार भरलं पाहिजे."

मी सर्व्हरवर चार ओळी लिहिल्या.
एकदा बोललेलं पुन्हा बोलायचं नाही,
नुसतं म्हणायचं, वरीलप्रमाणे.
इतकी अक्षरं मागं जा, तिथून इतकी उचल.
पलीकडे ब्राउझर गाठ सोडतो,
स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी.

नवव्या पायरीला सर्व्हर धापा टाकायला लागला.
सहावर आणला.
बापही शेवटचा अर्धा फेरा सोडून द्यायचा,
पट्ट्या तुटतात म्हणून.

फोटो वगळले.
ते आधीच दाबून आलेले असतात,
आणखी दाबायला गेलं तर चार-दोन बाइट उलट वाढतात.
हे मोतालेबला सांगितलं तर तो खुर्ची धरून हसला.
म्हणाला, आमच्या खोलीत सातवा माणूस आला
तेव्हा हेच झालं होतं.

सकाळी पान सहा सेकंदांत आलं.

खमीसनं दल्ला उचलला होता, तो तसाच हातात.
त्याला खरं वाटेना, त्यानं बटण परत दाबलं.
एकाच कंटेनरचे दोन गेटपास छापून आले.
ड्रायव्हरचं कुठं आत्ता सुरू झालं होतं,
"काल रात्री धाकटी फोनवर..."
तोवर कागद त्याच्या हातात होता
आणि मागचा ट्रक हॉर्न देत होता.

मुख्य कार्यालयाला अहवाल धाडला.
वाहतूक एक-पंचमांशावर आली. बिघाड नाही.
काहीही गहाळ झालेलं नाही.
या शेवटच्या ओळीपाशी कर्सर जरा वेळ लुकलुकला.
मी ती तशीच राहू दिली.

जादाचा गेटपास मोतालेबनं
चौपदरी घडी करून टेबलावर ठेवला,
वर ड्रायव्हरचा पेला.
पेला भरलेला होता.