काचेवरचा अंगठा

बत्तीस वर्षं मी वास्कोत मीटर वाचले.
आधी काचेवरून अंगठा फिरवायचा, मग आकडा घ्यायचा.
सडा, बायणा, खारीवाडा, देस्तेरो,
वाडा बदलला तरी अंगठा
संध्याकाळी एकाच रंगाचा.

बायकोनं साबण बदलून पाहिला.
नंतर तिनं टॉवेलच काळा आणला.

खारीवाड्यात इनासिन सुंगटं वाळत घालायची
जुन्या चादरीखाली झाकून.
चादर अबोलीच्या रंगाची होती असं ती म्हणायची,
मी पाहिली ती पाट्याच्या दगडाची.
"रीडिंग बेगीन घे रे," ती सांगायची,
"दार उगडें उरलें की बोट घरांत येता."
बोट म्हणजे धक्क्याला लागलेलं कोळशाचं जहाज,
एवढं मोठं, आणि येतं उंबऱ्याच्या फटीतून.

रात्री वाघिणी निघतात.
मी खाटेवर पडून मोजतो, सवय आहे मोजायची.
अठ्ठावन्न. एकोणसाठ.
सावर्डे, कुळे, मग घाट,
मग जिथं आमचं कुणी नाही असा मुलूख,
तिथल्या भट्ट्या.
आमचा दिवा या कोळशावर पेटत नाही.
तो तिसऱ्याच कुठल्या गावाहून
तारेवरून येतो.

त्या गावाचं नाव छापायला बिलावर जागा नव्हती.
ग्राहक क्रमांक होता, थकबाकी होती.
एकदा ट्रेनिंगला साहेबांनी फोटो दाखवला:
चार धुराडी, बाजूला राखेचं तळं,
इतकं सपाट, इतकं पांढरं
की कुणीतरी विचारलं, मिठागर काय हो?
सगळे हसले. मीही.
काठाला एक म्हैस उभी होती,
पोटापर्यंत पांढरी.

आता मीटर डिजिटल. काच पुसायला कोणी येत नाही.
इनासिनचा पंखा दिवसभर चालू,
वाफेचं मशीनही त्याच बोर्डावर.
तिचा नातू मला विचारतो,
आमची शामाय महिन्याला किती युनिटं खाते?
मी हिशोब करून सांगतो. चूक होत नाही माझी.

पण कधी झोपेत
त्या म्हशीच्या गावचा मीटरवाला दिसतो.
तोही काचेवरून अंगठा फिरवतो,
बघतो, पँटला पुसतो,
माझ्याच घरचा आकडा वहीत लिहितो,
आणि शेऱ्याच्या रकान्यात,
जिथं मी कायम आडवी रेघ मारत आलो,
तिथं अंगठा टेकवतो.