पंक्चर

रात्री अडीचला शुवैखहून फोन.
निर्वात बिघडलाय, दलाल म्हणाली,
आणि पहाटे पाचला बशीर येतोय
शिशाची पेटी न्यायला.

दलाल आमची प्रमुख.
पहिल्या दिवशी तिचं नाव ऐकून मी ओठ चावले होते.
तिच्या भाषेत त्याचा अर्थ लाड.
आमच्याकडचा अर्थ
नऊ वर्षांत मी तिला सांगितलेला नाही.

बाहेर तोझ उठलेला,
रस्त्यावरचे दिवे चहात बुडवल्यासारखे.
आत सायक्लोट्रॉन गप्प.
लोखंडाचे दोन जाडजूड ओठ,
मध्ये वीतभरही फट नाही,
आणि त्या फटीत काहीच नाही.
ते काहीच-नाही राखायचा मला पगार मिळतो.
लांज्याहून बहीण विचारते,
काय करतोस रे तिकडे एवढं?
काही नाही, म्हणतो.
तिला वाटतं टाळतोय.

हेलियमची नळी घेऊन जोडाजोडावरून फिरतो.
एक बारीक फुंकर. थांब. आकडा बघ.
फुंकर. थांब.
बाबा असेच बसायचे, घमेल्यात पाणी,
ट्यूबचा वेढा बोटांतून इंच इंच सरकवत,
गिऱ्हाईक बोललं तर हात वर करून गप्प करत.
मग एक बुडबुडा.
सापडला चोर, म्हणायचे,
आणि कानामागची पेन्सिल काढायचे.

दुकानाला नाव नव्हतं.
शाळेसमोरच्या फणसाला टांगलेला टायर, तीच पाटी.
जन्मभर त्यांनी आतली हवा बाहेर जाऊ दिली नाही,
मी बाहेरची आत येऊ देत नाही.
धंदा तोच,
ट्यूब तेवढी उलटी केलेली.

चार वाजून दहा. आकडा उडाला.
खालच्या झाकणाची रबरी कडी.
उघडली, दिव्याखाली धरली:
वाळूचा एक कण.
गेल्या महिन्यात ती मीच बसवली होती,
माझ्याच बाहीवरून आला असणार.
बोट जिभेकडे निघालं, थुंकी लावून बघायला.
दलालने नुसतं पाहिलं.
बोट खाली आलं.

नवी कडी. पंप सुरू.
आता चार तास, कमी नाही.
दलाल फहाहीलच्या इस्पितळाशी बोलते आहे,
तिथे कुणी एक बाई रात्रीपासून उपाशी,
तपासणीसाठी.
पाणी प्या म्हणावं, पाणी चालतं.
बशीर गाडीतच झोपलाय, काचेवर धूळ.
त्याला ठाऊक आहे,
माल हातात पडला की एकशे दहा मिनिटांत निम्मा,
पुढच्या एकशे दहात त्याच्या निम्मा,
सिग्नल लाल असो की हिरवा.

आकडा उतरतोय. साडेआठ.
पुरे आता, दलाल म्हणते, किरण सोडू या.
बाबा पंक्चर काढल्यावर सायकल लगेच देत नसत,
गिऱ्हाईक कितीही घाईत असू दे.
एक मिनिट, मी म्हणतो,
आणि नळी पुन्हा उचलतो.