स चा ह

हडर्सफील्ड. फेब्रुवारी. डाव्या बरगडीखाली
आधी नुसतं जळलं, इस्त्री ओझरती लागावी तसं.
तिसऱ्या दिवशी फोड उठले
पाठीकडून पोटाकडे,
इथल्या माणसांसारखे, निमूट रांगेत.

डॉ. प्रिचर्डनी चष्मा कपाळावर सरकवला.
'हर्पीस झोस्टर. गोळ्या दिवसातून पाच वेळा.
नवीन नाही हं हे. लहानपणच्या कांजिण्या आठवतात?'

आठवतात. सातवं वर्ष, कडुलिंबाचा पाला, खाजवू नको.
त्या गेल्याच नव्हत्या तर.
मणक्यापाशी वेटोळं घालून पन्नास वर्षं निजल्या.
विमानतळावर लोणच्याची बरणी काढून घेतली माझी,
हिला कोणी हटकलं नाही.

तासगावहून वच्छीमावशी:
'नागीण गं ती! तोंड नि शेपूट मिळालं नाही ना?
मिळालं की माणूस संपलं. गेरू लाव.'
गेरू कुठला इथे.
कॅलामाइन आहे, लग्नातल्या आइस्क्रीमसारखं गुलाबी.

शेजारच्या मिस ओल्ड्रॉइड, तीस वर्षं
मुलींच्या शाळेत ग्रीक शिकवलेल्या,
भिंतीवरून सुपाचा वाडगा देत म्हणाल्या,
'झोस्टर म्हणजे पट्टा, लढाईला जाताना बांधायचा.
आणि हर्पीस म्हणजे...'
शब्द सापडेना. मग दोन बोटं
ओल्या दगडावरून चालवली. चालवली नव्हे,

सरपटवली.

मी वाडगा धरून तशीच उभी.
सप्ताहाचा हप्ता होतो ना,
तसा ग्रीकांच्या तोंडी स चा ह.
सर्प. हर्प.
कितीक हजार वर्षांपूर्वी दोन गावांत दिलेल्या
सख्ख्या बहिणी
माझ्या बरगडीवर भेटत होत्या,
आणि मला धड श्वास घेता येत नव्हता.

रात्री मावशीला सगळं सांगितलं.
पट्टा, ग्रीक, आणि ही एकाच बाजूने जाते,
मधली रेष सहसा ओलांडत नाही, घाबरू नकोस.
तिकडे दूधवाला आलेला. पातेल्याचा आवाज.
'म्हणजे नागीणच की.
एवढ्यासाठी ग्रीसला कशाला गेलीस?'

आज चौदावी गोळी.
सुती झगासुद्धा अंगाला सोसत नाही.
वाडगा धुऊन ठेवलाय. रिकामा परत द्यायचा नसतो,
पण लाडू वळायला उभं राहवत नाही.
तूर्त एक शब्द देईन: नागीण.
ण काही त्यांना जमायचा नाही.
होईल त्याचा न.
चालेल.