एकाच बाजूचा आवाज

देगलूरच्या स्टँडामागं, खाजामियाँच्या दुकानात
भिंगाखाली उताणा पडलेला एक फोन.
कंपनीनं त्याचं नाव यादीतून काढलं होतं,
आम्ही त्याच्यात दुसरी वस्ती बसवली,
कुणाच्या बापाची नसलेली,
जिची ओळन्‌ओळ कुणीही वाचावी, खोडावी, पुन्हा लिहावी.
घड्याळ चाललं. कॅमेरा चालला. बॅटरीसुद्धा लागली.
फक्त फोन लागेना.

"फोन नै लगता तो क्या उसकू तकिया बनाऊं?"
मियाँ म्हणाले, आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या स्पीकरमधली
हळद ब्रशनं काढू लागले.

लोकांना वाटतं, फोनमध्ये फोन असतोच.
तसं नसतं. मोडेम म्हणजे कुलपातली खोली.
आत कुणीतरी टॉवरशी बोलत बसलेलं,
आपण दाराबाहेर उभं राहून
एकेक शब्द टाकून बघायचा
कोणत्या शब्दाला आतून हुंकार येतो ते.
सतरा रात्री गेल्या.
इथं टॉवरचंही एकमत नाही,
खुर्चीत बसलं की महाराष्ट्र, दारात आलं की तेलंगणा,
आणि एक बाई तेलुगूत फार मायेनं सांगते
की कुणी उचलत नाही.

अठराव्या रात्री बोधनला घंटी गेली.
गंगासागरनं उचलला.
ते मला आकड्यांवरून कळलं,
शून्य शून्य एक, शून्य शून्य दोन.
माझा आवाज जात होता. तिचा येत नव्हता.
"ताई, ऐकू यायलंय का?"
तिनं कापला, आणि मिस कॉल मारला. एक.
एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.
मी कॉलेजात असताना रुपया वाचवायला ठरवलेलं,
कुठल्या कागदावर नसलेलं.

मग रोज रात्री चाचणी.
लॉग भरायला हवा म्हणून मी बोलत राहायचो,
आज लाइट नव्हती, मियाँच्या पोराचे डोळे आलेत,
लेंडीला पाणी नाही.
आणि एकदा, सेकंद मोजता मोजता,
"तुझ्या लग्नाला मी आलो नाही.
बापूनं अडवलं असं सांगत आलो सगळ्यांना.
कुणीच अडवलं नव्हतं.
स्कूटर दारात उभी होती, पेट्रोल भरून."

चार मिनिटं बावीस.
मिस कॉल आला नाही.
एकही नाही, दोनही नाहीत.
मी लॉग उघडला. त्यात सगळं होतं,
किती वाजता लागला, कुठल्या टॉवरवरून,
कोणत्या बाजूनं तुटला.

त्याच आठवड्यात दुरुस्ती आली.
कुठल्या देशातून, माहीत नाही,
माणसाच्या नावाच्या जागी एका पाखराचं नाव.
एका ओळीत तीनच्या जागी पाच. एवढंच.
खाली लिहिलेलं: माझ्याकडं हा फोन नाही,
अंदाजानं केलंय, कुणीतरी लावून बघा.

मी लावून बघितला.
आधी गिरणीचा पट्टा ऐकू आला,
मग कुणाचं तरी तेलुगू, मग तिचा श्वास,
मग ती. "हं. बोल की."

आता चांगलं चाललंय. आवाज दोन्हीकडून जातो.
आम्ही भाव बोलतो, तांदळाचा, सिलेंडरचा.
ती विचारते, जेवलास का. मी म्हणतो, आत्ताच.
स्कूटरचं नाव ती काढत नाही
आणि मीही.

जुनी ओळ मात्र इथं पुसली जात नाही.
तारखेसकट तशीच राहते,
तीनचा आकडा, आणि अलीकडं वजाची खूण.
ज्याला पाहिजे त्यानं परत तिच्यावर जावं,
कुणाची परवानगी लागत नाही.

काही रात्री मी तिच्यापर्यंत जातो.
बोट बटणावर ठेवून बसतो.
मियाँ शटर ओढता ओढता विचारतात,
"क्या रे, फिर बिगड्या क्या?"
नाही, म्हणतो. चालतंय.