काठापुरतं

कुमरेभाऊंनी फोन आणला तो रुमालात गुंडाळून,
तलंगीचं पहिलं अंडं आणावं तसा.
काचेवरची कंपनीची पन्नी अजून जागेवर,
तिच्याखाली कोपऱ्यात एक बुडबुडा अडकलेला.
"ताई, कव्हर दाखव. पण जाड नको."

आमचं दुकान एसटी थांब्याला लागून,
सात फूट बाय पाच.
भिंतभर कव्हरं टांगलेली, उन्हानं अर्धी पिवळी.
जाड नको म्हणणारं गिऱ्हाईक इथं क्वचित.
सगळ्यांना चिलखत हवं असतं:
ट्रॅक्टरखाली आला तरी वाचला पाहिजे,
विहिरीत पडला तरी वाजला पाहिजे.
मी सवयीनं तेच आधी काढलं,
काळं, चारी कोपऱ्यांना टेंगळं असलेलं.

त्यांनी खिशात घालून पाहिलं.
खाकी खिसा, वर झाकण, झाकणाला बटन.
बटन लागेना.
"पाह्य, असाच निसटला मागचा.
जवळ्याच्या खांबावरून, तुरीत.
वरून पडलेल्या वस्तूचा आवाज
लय उशिरा येते, ताई."

पाकिटासारखं उघडणारं दाखवलं.
"एका हातानं कसं उघडू?
दुसरा हात तं खांबाले असते."
मखमली मी स्वतःच परत ठेवलं.

शेवटी खालच्या खोक्यातून बंपर निघाला.
नुसती कड. रबराची, उदबत्तीहून जराशी जाड,
शेताला धुरा असावा तशी चहूकडून,
मधलं रान मोकळं.
"पाठ उघडीच?"
"पडताना आधी कोपरा टेकतो, भाऊ.
आणि कड काचेच्या वर केसभर उचललेली आहे,
बोट फिरवून पाहा."
हे मी दिवसातून चारदा बोलते.
त्यांनी मात्र खरंच बोट फिरवलं,
डोळे मिटून, पेराच्या मऊ भागानं,
आणि फोन खिशात सोडला.
बटन लागलं.

मग म्हणाले, "आता मले फोन लाव."
लावला. आवाज त्यांनी आधीच बंद केला होता.
दोन्ही हात डोक्याच्या वर,
मुठी हवेत कशाला तरी आवळलेल्या,
टाचा उचललेल्या.
समोर चहा पिणारे हसायला लागले,
"काहून बे कुमरे, पोलीस आले काय?"
ते हसले नाहीत.
खिशातली थरथर ऐकत होते,
छातीनं.
"समजते," म्हणाले. "मागच्यात समजतच नोहोतं."

पैसे मोजता मोजता सांगितलं, सहज:
सबस्टेशनवरून फोन येतो, बंद केली, चढ.
वर असताना पुन्हा येतो, झालं का, सोडू का.
वाऱ्यात रिंग ऐकू येत नाही.
"उचलला नाई तं कोणी समजते, उतरला असन."
हातमोजे आहेत, गाडीच्या डिक्कीत आहेत,
इतके जाड की नट बोटाला लागत नाही.
"जाड असलं का काहीच कळत नाई, ताई.
कडा सांभाळल्या का झालं."

दीडशेचं एकशे तीसला दिलं.
रिकामं खोकं मागून घेतलं, पोरीच्या मण्यांसाठी.
पन्नी मात्र काढू दिली नाही.

सातला लाईट गेली.
मी कव्हरांखाली बसून राहिले,
हिशोब अर्धा, मोबाईलचा उजेड वहीवर.
चहावाला म्हणाला, नाल्याजवळ झाड पडलं म्हणे तारांवर.
त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये सगळ्यात वर होता,
शेवटचा लावलेला.
अंगठा तिथपर्यंत गेला.
असा फोन लावायचा नसतो.

आठ वीसला एकदम सगळं पेटलं,
पंखा, समोरच्या गिरणीचा बोर्ड,
भिंतीवरची ती सगळी जाड जाड कव्हरं.
गावात पोरांनी नेहमीसारखी आरोळी ठोकली.

म्हणजे उतरले असतील.